शब्दांतला हिशेब

(प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागला आहात. एसटीची पाटी वाचता, दुकानाची पाटी वाचता, अंगठ्याच्या जागी सही करता. ही काही लहान गोष्ट नाही.

घरात वाचता येणारे माणूस झाले, की मुले त्याच्याकडे पुस्तक घेऊन येतात. तिसरी-चौथीतले मूल गणिताचे पुस्तक उघडते आणि म्हणते, "आई, हे शाब्दिक उदाहरण सांग ना." मग पुष्कळ घरांत दोहोंपैकी एक गोष्ट घडते. आई म्हणते, "मला नाही येत बाळा, उद्या गुरुजींना विचार." किंवा बाप म्हणतो, "एवढंही येत नाही?" आणि पाठीत धपाटा बसतो. दोन्हींनी हिशेब सुटत नाही. मूल मात्र गणिताला भिऊ लागते.

आज मला एवढेच सांगायचे आहे, की ही मदत तुम्हाला करता येते. त्यासाठी फार शिकलेले असावे लागत नाही. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलो. शाब्दिक उदाहरणात निम्मे काम आकड्यांचे असते आणि निम्मे गोष्ट समजून घेण्याचे असते. गोष्ट समजून घेणे तुम्हाला चांगले जमते.

तुम्हाला हिशेब येतो

तुम्ही वाण्याकडून ३६८ रुपयांचा किराणा घेतला. ५०० ची नोट दिली. किती परत यायला हवेत? तुम्ही कागद-पेन्सिल मागत नाही. मनात म्हणता, ३६८ आणि २, झाले ३७०. आणखी ३०, झाले ४००. आणखी शंभर, झाले ५००. म्हणजे १३२ रुपये परत हवेत. वाण्याने १२२ दिले तर तुम्ही तिथल्या तिथे त्याला अडवता.

आता मजुरीचे पाहा. रोज ४०० रुपये. आठवड्यात एक सुट्टी आणि एक खाडा. ६०० रुपये उचल आधीच घेतलेली. शनिवारी हातात किती पडायचे? पाच दिवसांचे २००० झाले, उचल वजा केली, १४०० उरले. हेच तर शाब्दिक उदाहरण! शाळेच्या पुस्तकात ते छापलेले असते, एवढाच फरक.

मग मुलाला ते का अडते? त्याचे असे आहे. बाजारात गोष्ट डोळ्यांसमोर घडते. जुडी हातात असते, नोट हातात असते. पुस्तकात गोष्ट शब्दांत असते. शब्दांवरून ती डोळ्यांसमोर आणावी लागते. ते मुलाला जमत नाही.

याची एक मोठी पाहणी आपल्याच देशात झाली आहे. कोलकाता आणि दिल्ली इथल्या बाजारांत भाजीपाला विकणाऱ्या मुलांना जाणत्या लोकांनी हिशेब घातले. त्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेल पारितोषिक मिळालेले दोन अभ्यासक होते. ही पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात काय दिसले? गिऱ्हाइकाचा हिशेब ही मुले तोंडी आणि बरोबर करीत. शाळेच्या पद्धतीने कागदावर हिशेब दिला, की त्यांतली बहुतेक अडत. उलट, शाळेत जाणाऱ्या इतर मुलांना कागदावरचा हिशेब बरा येई, पण बाजारातला जड जाई.

म्हणजे बाजार एका काठाला आणि वही दुसऱ्या काठाला. मधे नदी आहे. आईबापांनी त्या नदीवर साकव घालायचा आहे. बाजारचा काठ तर तुमच्या रोजच्या पायाखालचा आहे.

मूल कुठे चुकते?

पहिली चूक म्हणजे मूल गोष्ट वाचतच नाही. ते फक्त आकडे शोधते. दोन आकडे दिसले, की त्यांची बेरीज करून मोकळे होते.

फ्रान्स देशात १९८० च्या सुमारास लहान मुलांना मुद्दाम एक वेडे उदाहरण घातले गेले. "एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत. तर जहाजाच्या कप्तानाचे वय किती?" आता मेंढ्या-बकऱ्यांवरून माणसाचे वय कसे कळणार? पण पुष्कळ मुलांनी आकड्यांना आकडे जोडले आणि ३६ असे उत्तर लिहून टाकले. ती मुले काही बुद्धीने कमी नव्हती. गणितात प्रश्न आला की आकडे जोडायचे, अशी सवय त्यांना लागली होती. आपल्या मुलांनाही ती लागते.

दुसरी चूक म्हणजे मूल एकच शब्द धरून बसते. "उरले" दिसले की वजाबाकी. "जास्त" दिसले की बेरीज. "प्रत्येकी" दिसले की भागाकार. पुष्कळ वेळा हे जुळते, म्हणून खरे वाटते. पण ते फसवते. पाहा:

"रामाने शेजाऱ्याला ७ पोती ज्वारी दिली. आता त्याच्याजवळ १५ पोती उरली. आधी त्याच्याजवळ किती पोती होती?"

"उरली" हा शब्द आहे. मूल १५ मधून ७ वजा करते आणि ८ लिहिते. पण जरा विचार करा. पोती दिल्यावरसुद्धा घरात १५ आहेत. मग आधी ८ कशी असतील? आधी २२ होती. इथे बेरीज करायची.

आणखी एक पाहा:

"सखूकडे १२ शेळ्या आहेत. त्या गंगूच्या शेळ्यांपेक्षा ४ ने जास्त आहेत. गंगूकडे किती शेळ्या आहेत?"

"जास्त" हा शब्द पाहून मूल १६ लिहिते. पण जास्त कोणाकडे आहेत? सखूकडे. म्हणजे गंगूकडे कमी. उत्तर ८.

म्हणून मुलाला "हा शब्द आला की हे करायचे" असे शिकवू नका. "काय घडले ते सांग" असे विचारा.

मदत कशी करावी?

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ.

"ताराबाईंनी बाजारात मेथीच्या ४० जुड्या नेल्या. सकाळी २५ जुड्या प्रत्येकी १५ रुपयांना विकल्या. संध्याकाळी उरलेल्या जुड्या प्रत्येकी १० रुपयांना विकल्या. एकूण किती रुपये आले?"

समजा, तुमची सुमी हे घेऊन बसली आहे. तिने ४०, २५, १५ आणि १० यांची बेरीज करून ९० रुपये असे उत्तर काढले आहे. "चुकलं" असे म्हणून वही हिसकावू नका. पुढे सांगतो तसे करा.

पहिली गोष्ट : मोठ्याने वाचू द्या. एकदा नव्हे, दोनदा. घाई नको. अडलेला शब्द सांगा. काही वेळा सगळी अडचण एका शब्दाचीच असते. "प्रत्येकी" म्हणजे दर जुडीला, हे कळले की पुढचे सोपे होते.

दुसरी गोष्ट : पुस्तक मिटा आणि गोष्ट सांगायला लावा. आकडे विसरले तरी चालतील. गोष्ट यायला हवी.

"सुमे, काय झालं सांग बघू. ताराबाई कुठे गेली?"

"बाजारात. मेथी घेऊन."

"मग?"

"सकाळी थोडी विकली. संध्याकाळी उरलेली विकली."

"दोन्ही वेळेला भाव एकच होता का गं?"

"नाही. सकाळी जास्त होता. संध्याकाळी कमी केला."

"का बरं कमी केला असेल?"

"मेथी सुकली असेल. घरी परत आणून काय करणार?"

बघा, पोरीला सगळे कळते आहे. आता हिशेब निम्मा सुटला.

तिसरी गोष्ट : काय ठाऊक आहे आणि काय विचारले आहे, हे वेगळे करा. ठाऊक आहे ते असे : जुड्या ४०, सकाळी विकल्या २५, भाव १५ आणि १०. विचारले आहे ते : एकूण रुपये. मधे एक गोष्ट लपली आहे. ती पुस्तकात दिलेली नाही आणि विचारलेलीही नाही. ती म्हणजे, संध्याकाळी किती जुड्या उरल्या? अशी मधली पायरी मुलांना दिसत नाही. ती तुम्ही सांगू नका. "संध्याकाळी टोपलीत किती होत्या?" एवढेच विचारा. सुमी म्हणेल, "४० मधून २५ गेल्या, १५ राहिल्या."

चौथी गोष्ट : तरीही अडले, तर आकडे लहान करा. ताराबाईंच्या ४० जुड्यांऐवजी ४ जुड्या घ्या. ३ जुड्या ५ रुपयांना एक, उरलेली एक २ रुपयांना. चिंचोके मांडा, खडे मांडा, काड्या मांडा. तीन चिंचोके इकडे, एक तिकडे. तीन पाचे पंधरा आणि वर दोन, सतरा रुपये. वाट सापडली! आता त्याच वाटेने मोठे आकडे न्या. चिंचोके नसतील, तर जमिनीवर रेघा ओढा. मेथीचे हुबेहूब चित्र काढायचे नाही. एक रेघ म्हणजे एक जुडी.

पाचवी गोष्ट : हिशेब करण्याआधी अंदाज विचारा. "सगळी मेथी १० रुपयांनीच गेली असती तर?" ४०० रुपये. "सगळी १५ रुपयांनी गेली असती तर?" ६०० रुपये. म्हणजे खरे उत्तर ४०० आणि ६०० च्या मधे कुठेतरी हवे. आता सुमीने काढलेले ९० रुपये तिला स्वतःलाच खटकतील. ती आपणहून खोडेल. तुम्ही "चूक" म्हणण्यापेक्षा तिला स्वतःला चूक दिसणे हे शंभर पटींनी चांगले.

सहावी गोष्ट : आता हिशेब करू द्या. सकाळचे २५ गुणिले १५, म्हणजे ३७५. संध्याकाळचे १५ गुणिले १०, म्हणजे १५०. एकूण ५२५. नुसते ५२५ लिहून सोडू देऊ नका. "५२५ काय? जुड्या, की रुपये?" असे विचारा. आणि हे ४०० व ६०० च्या मधे आहे ना, तेही पाहायला सांगा.

या साऱ्यात तुम्ही एकदाही गुणाकार केला नाही. तुम्ही फक्त प्रश्न विचारले. मदत म्हणतात ती हीच.

गोष्टच उत्तर ठरवते

भागाकाराची बाकी मुलांना फार गोंधळात टाकते. त्यासाठी ही दोन उदाहरणे घरी घाला.

"२३ मुले जत्रेला जायची आहेत. जीपमध्ये एका वेळी ५ मुले बसतात. किती फेऱ्या होतील?"

"तुझ्याजवळ २३ रुपये आहेत. एक पेन्सिल ५ रुपयांना मिळते. किती पेन्सिली येतील?"

दोन्हींत भागाकार एकच. २३ ला ५ ने भागले, भाग ४ वेळा गेला, बाकी ३. पण उत्तरे वेगळी! पेन्सिली ४ येतील आणि ३ रुपये हातात राहतील. जीपच्या फेऱ्या मात्र ५ होतील. चारच फेऱ्या केल्या, तर तीन पोरे गावातच राहतील, आणि त्यांच्या आया जीपवाल्याला सोडणार नाहीत! असे बोलून सांगितले, की मूल हसते आणि मग विसरत नाही.

बोलण्यातला आकडा आणि लिहिण्यातला आकडा

आपण "पंचवीस" म्हणतो. म्हणजे आधी पाच बोलतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २ येतो, मग ५. लहान मूल ऐकले तसे लिहिते आणि ५२ करून ठेवते. ते वेडे नाही. आपली भाषाच तशी आहे. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात "वीस पाच" असे म्हणण्याची रीतही दिली गेली. तिच्यावर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला. तुम्ही वादात पडू नका. मूल घोटाळले तर विचारा, "पंचवीसमध्ये दहाच्या नोटा किती?" दोन. "आणि वर सुटे किती?" पाच. आधी नोटा लिही, मग सुटे लिही. झाले काम.

मापांचेही तसेच. आपल्या देशात १९५७ साली रुपयाचे १०० पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे होते. पुढे शेर-मणही गेले आणि किलो-ग्रॅम आले. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपले शब्द गेले नाहीत. ते तुमच्या तोंडात आहेत आणि ते मोठे धन आहे. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. आता मुलाला एवढे तरी सांगा : पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम, अर्धा किलो म्हणजे ५०० ग्रॅम, पाऊण किलो म्हणजे ७५० ग्रॅम, दीड किलो म्हणजे १५०० ग्रॅम. स्वयंपाक करता करता हे सांगता येते. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही.

काय करू नये?

मुलाच्या हातातून पेन्सिल घेऊन आपण हिशेब करू नये. वही बरोबर होते, पण मूल तिथेच राहते.

मारू नये. भ्यालेल्या मुलाला गोष्ट दिसत नाही. त्याला तुमचा हात दिसतो.

आणि आणखी एक. "मुलीच्या जातीला कशाला हवं गणित?" असे म्हणू नये. गणित मुलीला सांगण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यात भुंगे, मोर, हंस यांच्या गोष्टी करून हिशेब घातले आहेत. आणि त्यांतले कितीतरी हिशेब लीलावती नावाच्या मुलीला हाक मारून विचारले आहेत. ती त्यांची लेक होती, असे परंपरेने सांगतात. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे. तिथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, असे त्यात कोरलेले आहे. पुढे १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. मग आपल्या सुमीने का मागे राहावे?

हे एवढे कशासाठी?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, एक हिशेब चुकला तर काय आभाळ कोसळतं?" एक चुकला तर नाही कोसळत. पण रोज चुकला, की मूल गणिताच्या तासाला मान खाली घालून बसते. मग त्या दिवशी पोट दुखू लागते. मग शाळा बुडू लागते. सहावी-सातवीपर्यंत ते शाळेतून सुटते आणि आपण म्हणतो, "त्याच्या नशिबात विद्या नव्हती." नशीब कसले? तिसरीतला अडलेला हिशेब कोणी सोडवू लागले नाही, तो पुढे साचत गेला.

आणि शाळा सुटली तरी शब्दांतले हिशेब सुटत नाहीत. ते जन्मभर येतात. त्यांतला एक सांगतो.

तुम्हाला १०,००० रुपये कर्ज हवे आहे. एक जण म्हणतो, "शेकडा १२, दरसाल." दुसरा म्हणतो, "शेकडा ३, दरमहा." नुसते आकडे पाहणारा म्हणेल, १२ पेक्षा ३ बरे. आता शब्द वाचा. दरसाल १२ म्हणजे वर्षाला १२०० रुपये व्याज. दरमहा ३ म्हणजे महिन्याला ३०० रुपये, आणि वर्षाला ३६०० रुपये! मुद्दल तसेच उभे. तिप्पट फरक पडला, तो आकड्याने नाही, एका शब्दाने पाडला. "दरमहा" हा शब्द न वाचल्यामुळे माणसाची म्हैस जाते, कानातले जाते, कधी शेताचा तुकडाही जातो.

आज तुमची सुमी मेथीच्या हिशेबात "उरलेल्या" हा शब्द थांबून वाचायला शिकली, तर उद्या ती कर्जाच्या कागदावर "दरमहा" हा शब्द थांबून वाचील. तुम्ही तिला हीच शिदोरी बांधून द्यायची आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. रात्रीची जेवणे झाली, की मुलाजवळ थोडा वेळ बसा. रोज एकच हिशेब घ्या. दहा नकोत. मूल वाचील, तुम्ही ऐका. मूल गोष्ट सांगेल, तुम्ही प्रश्न विचारा. एखाद्या दिवशी दोघांनाही नाही आले, तर त्या हिशेबावर खूण करा आणि सकाळी मुलाला शाळेत विचारायला पाठवा. त्यात कमीपणा नाही. तुमचेही वाचन त्यामुळे पक्के होईल.

 

घरी करून पाहा

१. एका बाईने डेअरीत सकाळी ६ लिटर आणि संध्याकाळी ५ लिटर दूध घातले. दर ३५ रुपये लिटर आहे. रोज एवढेच दूध घातले, तर १० दिवसांचे किती रुपये होतील?

२. शेवंताकडे १८ कोंबड्या आहेत. त्या यमुनाच्या कोंबड्यांपेक्षा ५ ने कमी आहेत. यमुनाकडे किती कोंबड्या आहेत?

३. ५० पोती सोसायटीत न्यायची आहेत. बैलगाडीत एका खेपेला ८ पोती मावतात. किती खेपा होतील?

४. पाऊण किलो साखर आणली. त्यातली सव्वाशे ग्रॅम वापरली. किती उरली?

उत्तरे : १) ३८५० रुपये. २) २३ कोंबड्या. ३) ७ खेपा. ४) ६२५ ग्रॅम.